भट्टीवरचा डगला

आमच्या कारखान्यात भट्टीवरच्या माणसांचे कपडे फाटकाबाहेर जात नाहीत. धाग्याधाग्यात सोन्याची धूळ बसलेली असते, म्हणून ते जुने झाले की जाळायचे आणि राख टाकीत सोडायची. टाकीत दळलेल्या दगडातलं सोनं औषधाच्या पाण्यात विरघळतं आणि करवंटीच्या कोळशाला चिकटतं. तो कोळसा गाळायचं काम माझं. कपडे जाळायचंही माझंच.

आमचे हे भट्टीवर होते. ते गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी कामावर आले, तर मुकादमांनी ह्यांचा डगला पुढे ठेवला.

"वहिनी, दुसऱ्या कोणाला सांगू का?"

"कशाला? माझंच काम आहे."

मी आता रडेन म्हणून सगळे बघत उभे राहिले. त्यांना कामधंदे नव्हते का? मला काही रडूबिडू आलं नाही. डगला जळला. राख चाळून मी टाकीत सोडली.

चाळणीवर एक पितळी बटण राहिलं. माझ्या जुन्या स्वेटरचं होतं ते. एकदा जेवणाच्या सुट्टीत, डगला ह्यांच्या अंगावर असतानाच मी ते लावून दिलं होतं. हलू नका म्हटलं तरी हलत होते.

संध्याकाळी फाटकावर झडती घेणाऱ्या बाईनं ते बटण उजेडात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या हातावर परत ठेवलं.

"यात काही नाही, वहिनी. न्या खुशाल."