जोडीची खोली

"आता आपल्या उजव्या हाताला नदी आहे," गाईडबाई माइकमध्ये म्हणाली आणि बसमधल्या एकतीस माना उजवीकडे वळल्या.

नदी बिचारी कुठे पळून चालली नव्हती. गेली आठ वर्षं जाताना ती उजव्या हाताला होती आणि येताना डाव्या. नदीला निदान वाहायला तरी मिळत होतं. गाईडबाईचं वाक्य मात्र जागच्या जागी. झोपेतसुद्धा ही 'उजव्या हाताला' म्हणते आणि डाव्या कुशीवर वळते, असं तिच्या नवऱ्याने डेपोभर सांगून ठेवलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नवरा म्हणजे याच बसचा ड्रायव्हर. बागा, प्राणी, पक्षी, सगळं एका दिवसात दाखवून संध्याकाळी माणसं परत आणून सोडायची, हा दोघांचा उद्योग. कंपनीचा नियम असा, की एका बसवर नवरा-बायकोची जोडी असेल तर डेपोमागची खोली राहायला मिळते. जोडी फुटली की महिन्याभरात खोली रिकामी. आणि खोलीही कशी, तर तळमजल्यावरची! या शहरात नदी कधी चढेल याचा नेम नसल्यामुळे घरं उंच खांबांवर बांधलेली. खाली गाड्या, वर माणसं. एक डेपोच काय तो उंचवट्यावर. त्यामुळे पायरी न चढता ज्या दारातून आत जाता येतं असं राहतं दार सगळ्या शहरात जवळजवळ हे एकच, आणि ते यांच्याकडे होतं. ड्रायव्हरच्या आईचे गुडघे असे झालेले, की पायरी दिसली की तिला आधी देव आठवायचा आणि मग मुलगा.

तर अशी ती खोली. आणि गाईडबाईच्या पर्समध्ये एक पत्र.

दुपारी बस वनस्पती उद्यानात चाळीस मिनिटं थांबायची. प्रवासी हिंडायचे, फोटो काढायचे. ही बाई तेवढ्यात काचघरात शिरायची आणि ऑर्किडची कुजलेली मुळं काढत, पानं पुसत म्हाताऱ्या माळीकाकांशी गप्पा मारायची. दिवसातली तेवढी चाळीस मिनिटं ती कुणाला काही दाखवत नसे, स्वतः बघत असे. काका आता थकले होते. त्यांनीच वर सांगून तिच्यासाठी शब्द टाकला आणि महिन्यापूर्वी पत्र आलं: काचघरातल्या जागेसाठी आपली निवड झाली आहे, अमुक तारखेपर्यंत कचेरीत स्वतः येऊन सही करावी.

अमुक तारीख म्हणजे आज.

नवऱ्याला तिने पत्र आलं त्याच दिवशी दाखवलं होतं. त्याने दोनदा वाचलं. माणूस वाईट नाही हो; वाचताना त्याचा चेहरा खुलला होता. मग त्याने पत्राची नीट घडी घातली आणि म्हणाला, "चांगलंय गं. पण आईचं काय?"

महिनाभरात तिने पाच-सहा वेळा विषय काढला असेल. दर वेळी आईचे गुडघे मध्ये येऊन उभे राहिले. जे गुडघे घरात धड उभे राहत नव्हते, ते इथे मात्र खांबासारखे उभे!

आणि आज नेमकी आईच बसमध्ये. कंपनी दर वर्षी घरच्या माणसासाठी एक पास देते. आठ वर्षांचे आठ पास डब्यात पडून होते. त्यातला यंदाचा सासूबाईंनी काढला, पदर झटकला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या सीटवर बसल्या. "तुम्ही दोघं रोज जाता ते बघू तरी काय आहे," एवढंच म्हणाल्या.

"अगं, माइक जरा लांब धर," आता त्या म्हणत होत्या. "कानात शिट्टी वाजते."

मगरींच्या तळ्यापाशी बस थांबली. कठड्याच्या आत हिरवट पाण्याकाठी जुन्या ओंडक्यासारखी एक मगर पडलेली. गाईडबाईने हात पुढे केला. "ही आपली मगरआजी. वय वर्षं साठ. अजून लग्न झालेलं नाही, म्हणून बघा कशी निवांत पडली आहे!"

"आणि आमचं झालंय," मागून ड्रायव्हर ओरडला, "म्हणून आम्ही उभे!"

लोक हसले. रोज हसतात. सासूबाई हसल्या नाहीत. त्या काठीवर रेलून मगरीकडे बघत राहिल्या.

"हे रोज म्हणता?"

"रोज."

"तिला ऐकू येतं का गं?"

"माहीत नाही, आई."

"येत असलं तर कठीण आहे बाई तिचं."

गाईडबाईला हसू फुटायला हवं होतं. तिने उगाच लोक मोजायला घेतले.

पुढचा मुक्काम फुलपाखरांचं घर. त्याला एकामागोमाग एक दोन दारं. बाहेर पडताना आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत आरशासमोर उभं राहून अंगावर एखादं पाखरू बसून बाहेर चाललेलं नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. राखणदार हातात मऊ कुंचा घेऊन उभा असतो. बाकीची मंडळी निघून गेली आणि शेवटी सासू-सून राहिल्या.

"आजी, हलू नका हं," राखणदार म्हणाला. "पाठीवर एक आहे. आपणहून उडू दे, ओढलं तर पंख फाटतो."

सासूबाई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. आत वाफ कोंडलेली. कपाळावरचा घाम त्यांना पुसता येईना, म्हणून गाईडबाईने पर्समधून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर पत्र खाली पडलं. पडलं ते उघडंच, आणि वरचं बोधचिन्ह आणि 'निवड' हा शब्द सासूबाईंच्या चष्म्यासमोर.

"हे काय गं?"

"काही नाही, आई. बागेचं आहे."

"मला वाचता येतं. आज शेवटची तारीख आहे यावर."

एक दार मागे बंद, एक पुढे बंद, मध्ये राखणदार आणि सासूच्या पाठीवर फुलपाखरू. पळायचं कुठे? गाईडबाईने सगळं सांगितलं. जोडीचा नियम, खोली, महिन्याची मुदत. शेवटी म्हणाली, "आणि तुमचे गुडघे. मग राहिलंच ते."

"माझ्या गुडघ्यांना विचारलं कुणी?"

"आई, अहो..."

"तुला माहितीय मला त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?" सासूबाई मान न हलवता आरशातल्या सुनेशी बोलत होत्या. "बसचं चाक. पुढचं डावं. चाक गेलं की सकाळ झाली, चाक आलं की संध्याकाळ. तुम्ही मगरीला पाण्याकाठी तरी ठेवलंय. मी कधी बोलले? म्हटलं, दोघांची नोकरी आहे, जोडीने जाताय-येताय, देवाने चांगलं चालवलंय. आपल्यामुळे कशाला मोडता. मी तुमच्यासाठी गप्प, तुम्ही माझ्यासाठी गप्प. वा रे वा!"

"गेलं आजी, उडालं," राखणदार हळूच म्हणाला आणि त्याने दार उघडलं.

देवाची करणी अशी, की बाहेर आल्यावर मोकळं वाटावं तर उलटंच झालं. आजवर गाईडबाई एकटीच अडकलेली होती. आता चाकाकडे बघत बसलेली म्हातारीही तिच्या मनावर येऊन बसली. बसमध्ये ती माइक हातात धरून नुसती उभी राहिली. "उजव्या हाताला काय आहे?" कुणीतरी विचारलं. "नदीच आहे," ती म्हणाली.

उद्यानात पोचल्यावर आज ती काचघरात शिरली नाही; लोकांना बागभर फिरवून शेवटी जुन्या वडाखाली घेऊन आली. कचेरी समोरच्या टेकाडावर, दगडी पायऱ्यांच्या वर. अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "या वडाला चाळीस मोठ्या पारंब्या आहेत," ती म्हणाली, "आणि मूळ खोड कोणतं हे आता कुणालाच..."

लोक वडाकडे बघतच नव्हते. ती वळली.

सासूबाई पायऱ्यांवर होत्या. पाठमोऱ्या नव्हे, उलट्या! तोंड खाली, पाठ टेकाडाकडे. पायरीवर बसायचं, दोन्ही तळवे वरच्या पायरीवर टेकायचे, टाचांनी रेटा द्यायचा आणि बूड उचलून वरच्या पायरीवर ठेवायचं. काठी बाजूला ओढत आणत होत्या. पाच पायऱ्या झाल्या होत्या.

गाईडबाई धावली. तिकडून ड्रायव्हर धावला, हातात अर्धं केळं.

"आई! काय चाललंय?"

"चढते आहे."

"असं?"

"उभ्याने येत नाही, म्हणून बसून. वर बघितलं की भीती वाटते, म्हणून खाली बघत." त्यांनी आणखी एक पायरी घेतली. दम लागला होता. "तुझ्या बहिणीच्या घराला किती पायऱ्या रे?"

"अठरा. पण..."

"वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, या म्हणून किती वर्षं बोलावते आहे ती? मला तिथे एकदा तरी नेलंस?"

"तुझ्यासाठीच ना, आई! तुला त्रास नको म्हणून."

"माझ्यासाठी! माझ्या गुडघ्यांच्या नावावर तुम्ही दोघांनी आजवर काय काय खपवलंत!"

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट काढून आलेत."

खाली कुणीतरी खरंच हसलं. ड्रायव्हरचे कान लाल झाले. त्याने केळं खिशात घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग ते कठड्यावर ठेवलं. बायकोकडे न बघता म्हणाला, "खोलीचं एक असू दे. ही काचघरात गेली की माझ्या शेजारी कोण बसणार? उद्यापासून दुसरं कुणीतरी येऊन मला सांगणार, उजव्या हाताला नदी आहे म्हणून?"

हे वाक्य त्याने महिनाभरात एकदाही उच्चारलं नव्हतं. कदाचित त्यालाही आत्ताच सापडलं असावं. गाईडबाई त्याच्याकडे वळली. आठ वर्षं ती याच्या डाव्या खांद्याशी उभी होती आणि पाठ नेहमी याच्याकडे, तोंड लोकांकडे.

"तुला नदी दिसत नाही होय?" सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी येईल ना ती? तेव्हा काय ते तिच्याशी बोल. माइकशिवाय." मग सुनेकडे वळून, "आणि तू उभी काय? चाळीस मिनिटांतली किती राहिली?"

"बारा."

"मी आणखी वर येत नाही आता. बसते इथेच. माझ्या बाजूने जा, साडी सांभाळ."

पायरी एवढी अरुंद, की गाईडबाईला सासूच्या खांद्याला धरूनच पुढे सरकावं लागलं. क्षणभर तिला वाटलं, म्हातारीच्या अंगावरून पाय टाकून चाललो आहोत आपण. असं करू नये माणसाने. सासूबाईंनी तिच्या पोटरीवर चापट मारली. "जा गं!"

कचेरीतला कारकून जेवणाचा डबा बंद करत होता. त्याने कागद सरकवला. नाव, वय, शिक्षण तिने भराभरा लिहिलं. मग आला रकाना: राहण्याचा पत्ता.

पेन थांबलं. सही करायची तर जोडी इथेच फुटली, आणि जोडी फुटली की तो डेपोचा पत्ता महिन्याभराचा धनी. नसलेल्या घराचा पत्ता कसा लिहायचा?

"पत्ता राहिला," कारकून म्हणाला.

"नंतर दिला तर?"

"पत्त्याशिवाय घेता येत नाही, बाई. पत्र कुठे पाठवायचं आम्ही? झाडावर?"

खिडकीतून खालच्या पायऱ्या दिसत होत्या. सासूबाई मधल्या पायरीवर हाशहुश करत बसलेल्या; दोन पायऱ्या खाली तिचा नवरा, आईचा पाय मांडीवर घेऊन गुडघा चेपत असलेला. त्यांच्याही खाली वडाजवळ बाकीची तीस माणसं, कुठे बघायचं ते न कळून या दोघांकडेच बघणारी.

तिने नणंदेचा पत्ता लिहिला. 'वरचा मजला' असंही लिहिलं. खाली सही केली. सहीचं अक्षर शाळकरी आलं.

"सोमवारपासून बरोबर एक महिन्याने हजर व्हा," कारकून म्हणाला आणि पुन्हा डबा उघडला.

ती खाली आली तेव्हा दोघं तसेच होते. नवऱ्याने मान वर केली.

"केलीस?"

"केली."

"पत्ता काय लिहिलास?"

"ताईंचा."

"तिला विचारलंस?"

"कधी विचारणार?"

तो काहीतरी बोलणार होता, पण सासूबाईंनी हात वर केला. "आधी मला खाली न्या. चढताना देवाने रेटलं, उतरायचं त्याने तुमच्यावर सोडलंय."

उतरणं जास्त कठीण निघालं. ड्रायव्हर पुढे, उलट्या पावलांनी, आईचे दोन्ही हात धरून. गाईडबाई मागे, काखेत हात घालून तोल सावरत. कठड्यांच्या मध्ये तिघं अशी काही जाम झाली, की एकाने पाय हलवल्याशिवाय दुसऱ्याला हलता येईना. एक पायरी, मग थांबा. दुसरी, मग थांबा. चाळीस मिनिटं केव्हाच उलटली होती. खालून कुणीतरी विचारलं, पक्ष्यांच्या बेटावर आज जायचं आहे की नाही?

ड्रायव्हरचा चेहरा घामाने निथळत होता आणि राग होता की रडू, ते कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या पायरीवर तो थांबला. आईचं मनगट घट्ट धरून, बायकोकडे बघत त्याने विचारलं,

"ताईच्या जिन्याला कठडा आहे का गं?"

गाईडबाईला आठवेना. एकदाच गेली होती ती तिथे.

"नसला तर बसवून घे," सासूबाई म्हणाल्या. "महिना आहे तुझ्याकडे. चल, पुढची."