लोभस कल्पना आणि केबिनचं छप्पर

एव्हरेट हाउगनचा प्रस्ताव या खेपेला मंजूर झाला तर त्याच्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब आमच्या अख्ख्या खगोल विभागाला पाठ होता. छोट्या मोहिमांसाठी सरकारी अवकाशसंस्था देते ते दोन कोटी डॉलर. त्यातून मायक्रोवेव्हएवढी एक दुर्बीण, जी पृथ्वीभोवती फिरत लहान लाल ताऱ्यांवर उसळणाऱ्या ज्वाळा बघत बसणार. पश्चिमेच्या खिडकीची खोली, जिच्यावर दोन तरुण प्राध्यापक कधीचा डोळा ठेवून होते. आणि चार उन्हाळ्यांचा पगार. आमच्याकडे विद्यापीठ पगार देतं नऊ महिन्यांचा. उन्हाळ्यात शास्त्रज्ञानं काय खायचं, ते त्याच्या अनुदानानं बघायचं. हा पगार एव्हरेटच्या बायकोनं, लोर्नानं, मनातल्या मनात केव्हाच खर्चून टाकला होता. डोंगरातल्या त्यांच्या केबिनचं छप्पर गळत होतं.

प्रस्ताव आधी दोनदा परत आला होता. एव्हरेटनं साठी ओलांडलेली. तिसऱ्यांदा परत आला असता, तर विभागप्रमुखांनी मोठ्या प्रेमानं त्याच्या निरोपाचा केक मागवला असता.

परीक्षकांची नावं कोणाला कळत नाहीत. पण दोन्ही वेळच्या अभिप्रायात एक वाक्य जवळजवळ तसंच्या तसं होतं. ‘कल्पना लोभस आहे, प्रकाश टिपणारा संवेदक अंतराळात म्हातारा होत जाईल त्याचं काय, हे मात्र प्रस्तावकाला सुचलेलं दिसत नाही.’ एव्हरेटच्या मते ‘लोभस’ हा शब्द फक्त ओहायोच्या कॉर्डिलिया व्हँडरपूलचा. एका परिषदेत तिनं त्याच्या पोस्टरला चारचौघांत लोभस म्हटलं होतं. त्याला वीस वर्षं झाली असतील, पण एव्हरेटच्या लेखी ती परिषद अजून संपलेली नव्हती.

त्याच्या प्रस्तावातले आकडे बसवायचं काम माझं. एक दिवस तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. चेहऱ्यावर मांजरानं दूध पिऊन झाल्यावरचा भाव.

“थेल्मा, यंदा कुठल्याही प्रस्तावात ज्याचं नाव आहे, त्याला यंदा परीक्षक होता येत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग बाईंना आपल्याच गाडीत बसवून टाकू. बिनपगारी सहयोगी. मान द्यायचा, काम द्यायचं नाही.”

“आणि त्या काम करायला लागल्या तर?”

“कॉर्डिलिया? अगं, ती लोकांच्या चुका काढते. ते काम थोडंच आहे.”

त्यानं आमंत्रण धाडलं आणि माझी कॉफी गार व्हायच्या आत होकार आला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. अशी माणसं जेवणाच्या बोलावण्यालासुद्धा आठवडाभर ताटकळत ठेवतात.

पहिल्याच गुरुवारच्या व्हिडिओ बैठकीला कॉर्डिलिया सगळा प्रस्ताव वाचून आली. तिला दुर्बिणीत एक बारीकसा दिवा हवा होता. तो रोज संवेदकावर प्रकाश टाकणार आणि संवेदक किती म्हातारा झाला ते कळणार. असा दिवा तिच्या प्रयोगशाळेत तयारच होता. फक्त तो कधी अंतराळात गेला नव्हता. एव्हरेटनं वजनाची अडचण सांगितली. तिनं दुसरीकडचं वजन आधीच उतरवून ठेवलं होतं. मग त्यानं खर्च पुढे केला. दोन कोटींच्या वर एक डॉलर चालत नाही, त्यातलाही चौथा हिस्सा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा लागतो, तर दिवा आणायचा कुठून?

“हरकत नाही,” कॉर्डिलिया गोड हसून म्हणाली. “मी माझं नाव मागे घेते. त्यांना परीक्षक कमी पडतायत. मला विचारलंय त्यांनी.”

एव्हाना आमच्या उपग्रहाचा एकूण एक कच्चा सांधा तिला माहीत झाला होता. एव्हरेट पडद्याकडे बघत राहिला, आपलाच कुत्रा आपल्याला चावावा तसा.

“दिवा बसवू,” तो म्हणाला.

आता पैसे शोधायची पाळी माझी. इंजिनियर कमी करता येईनात, विद्यार्थी तर आधीच अर्धपोटी. हात लावण्यासारखा उरला एव्हरेटचा उन्हाळा. दिव्याच्या चाचणीत पहिला गेला. मग दिव्याला झाकण हवं झालं, त्यात दुसरा गेला. मग कॉर्डिलियानं विचारलं, दिवाच मंदावला तर ते सांगणार कोण? म्हणून दुसरा दिवा आला आणि उरलेले दोन्ही उन्हाळे घेऊन गेला. एव्हरेटनं मुकाट सही केली. घरी मात्र तो लोर्नाला एवढंच म्हणाला, की यंदा बजेट जरा घट्ट आहे.

प्रस्ताव मंजूर झाला. आम्ही ॲपल पाय आणला, आमच्याकडे सफरचंदाच्या या गोड पदार्थात हिरवी मिरचीही घालतात, कॉर्डिलिया विमानानं आली, लोर्नाही आली. एव्हरेट अभिप्राय मोठ्यानं वाचायला लागला. सगळ्यात भक्कम बाजू कुठली, तर दिवे. पुढे त्यानं कागद माझ्याकडे सरकवला, म्हणून शेवटची ओळ मी वाचली. ‘कल्पना आता नुसती लोभस नाही, शक्यही वाटते.’

हातात पायची बशी घेऊन कॉर्डिलिया आमच्यासमोरच उभी होती.

“म्हणजे आधीचे ते अभिप्राय तुम्ही लिहिले नव्हते?” एव्हरेटनं विचारलं.

“मी कशी लिहीन? या दिव्यासाठी मी दरवर्षी स्वतःचाच प्रस्ताव पाठवत होते आणि दरवर्षी नापास होत होते. यंदाच कंटाळा करून पाठवला नाही, म्हणून तर मला परीक्षक व्हायला बोलावलं.”

“आणि ते तुम्ही स्वीकारणार होता.”

“छे रे. तुझं आमंत्रण आलं त्याच दिवशी मी त्यांना नाही कळवून टाकलं.” तिनं पायचा तुकडा तोंडात टाकला. “आणि लोभस काय, आपल्या वयाचे निम्मे लोक म्हणतात. तुझं पोस्टर मात्र खरंच लोभस होतं.”

तेवढ्यात लोर्ना फोन हातात घेऊन पुढे आली. “मग छपरवाल्याला सोमवारचं सांगू ना?”

एव्हरेटनं माझ्याकडे पाहिलं. मी अतिशय काळजीपूर्वक ॲपल पायचे तुकडे करत होते.

तर हिशेब असा. सरकारनं दोन कोटी भरले. पायचे पैसे मी दिले. कॉर्डिलियानं काहीच भरलं नाही. विमानाचं तिकीटसुद्धा आमच्या खात्यावर. एव्हरेटला दुर्बीण मिळाली, खोलीही राहिली. जुलैत मी त्यांच्या केबिनवर गेले, तेव्हा बाहेर पाऊस होता आणि आत बादल्या मांडल्या होत्या. लोर्नानं मला त्या एकेक करून दाखवल्या. चुलीजवळची म्हणजे पहिला दिवा, जिन्याखालची म्हणजे झाकण, पलंगाशेजारची मोठी म्हणजे दुसरा दिवा. बादल्या तिनं विकत आणल्या होत्या. भरल्या की बाहेर नेऊन ओतायचं काम एव्हरेटकडे होतं.