गुडघ्यांचं चूर्ण आणि सुनेचा चमचा

सकाळी आठला औषधवाल्यांच्या व्हरांड्यात चौदा माणसं बसलेली होती. म्हणजे अठ्ठावीस गुडघे हवेत, पण भरत होते सत्तावीस, कारण एका म्हाताऱ्याचा डावा पाय लाकडाचा होता. तो त्या पायासाठीही चूर्ण मागायचा आणि औषधवाले, म्हणजे या घरचे सासरे, द्यायचे. गिऱ्हाइकाच्या पायापायांत भेदभाव करणारं ते घर नव्हतं.

भेदभाव होता तो वेगळ्या ठिकाणी. या घराची एक पद्धत होती. चूर्णाचा नवा घाणा तयार झाला की तो आधी सुनेने चाखायचा. चमचाभर, मधातून, सगळ्यांच्या देखत. तासाभराने ती उभी असली की पुड्या बांधायच्या. "आमच्याकडे फसवाफसवी नाही," सासरे छाती पुढे काढून सांगत, "घरच्या माणसावर तपासून मगच देतो." घरात एक मांजरही होतं. पण मुक्या जिवावर असले प्रयोग करणं सासऱ्यांच्या मनाला पटत नव्हतं. फार हळव्या मनाचे होते ते.

सून आतल्या खोलीत खलबत्ता घेऊन बसली होती. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं आटोपलं. "हिचं अंगच कच्चं," सासरे म्हणाले होते. नवऱ्याने मान डोलावली होती, कारण वडील बोलले की मान डोलावणं हाच त्याचा धंदा होता. सासूबाई तोंडाने काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांच्या वतीने भांडी बोलत.

आता पुन्हा तिसरा महिना चालू होता. या वेळी सुनेने श्वाससुद्धा बेताने घ्यायचं ठरवलं होतं.

मागच्या दाराने कंदवाली आली. रानातून मुळ्या-कंद खणून आणायचे आणि दारोदार विकायचे, हे तिचं काम. पाटी उतरवता उतरवता तिने सुनेकडे पाहिलं. सून तोंडावर पदर दाबून मोरीकडे पळत होती.

"कितवा?" ती परत आल्यावर कंदवालीने विचारलं.

"तिसरा सरत आलाय."

"आणि कळलावीचा कंद कुटतेस? डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?"

"काय होतं त्याने?"

"काय होतं म्हणजे? अडलेल्या बाईच्या पोटावर याचा लेप द्यायचे जुने लोक, मूल बाहेर पडावं म्हणून. हा पोटात गेला तर काय होईल, तूच सांग. पोटुशीच्या आसपाससुद्धा ठेवू नये हा कंद."

"मी तर खाते," सून म्हणाली. "चमचाभर. दर घाण्याला."

कंदवालीने खलबत्ता ओढून बाजूला सारला.

"अगं बये! गोळ्यांच्या कारखान्यातली माणसं नेतात हा माझ्याकडून. हातमोजे घालून! यातलं द्रव्य काढतात नि सांधेदुखीची गोळी करतात. एका गोळीत ते राईच्या दाण्याहून कमी घालतात, तेही काट्यावर तोलून. त्यांचा साहेब सांगत होता, जास्त झालं तर धडधाकट माणूस आडवा होतो. आणि तू चमच्याने खातेस?"

सून बोटांवर महिने मोजू लागली. पहिल्या वेळी घाणा कधी झाला होता, दुसऱ्या वेळी कधी. तिसऱ्या बोटावर ती थांबली.

"सूनबाई!" बाहेरून हाक आली. "लोक खोळंबलेत!"

व्हरांड्यात नवरा मधाची बाटली आणि चमचा घेऊन उभा होता. तिने पहाटे कुटलेलं चूर्ण कालवून झालं होतं.

"अहो, मी नाही घेणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. पोटात बाळ आहे. आधीची दोन या कंदाने गेली."

सासरे आधी हसले. मग लोकांकडे पाहून हसले. मग हसायचे थांबले. "कोणी शिकवलं? त्या पाटीवालीने? चाळीस वर्षं औषध देतोय मी!"

"आणि चाळीस वर्षं चाखतंय कोण, मामंजी?"

रांगेतून कोणी तरी "शाबास" म्हणेल असं तिला क्षणभर वाटलं.

"अगं घे की, चमचाभर तर आहे," एक बाई म्हणाली. "माझी बस चुकेल."

"हल्लीच्या मुलींची नाटकंच फार."

"दुसरी सून नाही का?" लाकडी पायवाल्याने व्यवहारी तोडगा काढला. "तिला बोलवा."

"कुठून आणू?" सासरे हळहळून म्हणाले. "एकच तर मुलगा आहे."

"एकच कसा झाला हो?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात भांडं नव्हतं. आज त्या स्वतःच बोलत होत्या.

"लग्न झाल्यापासून मी चाखलं. तीन गेली माझी. हा राहिला, कारण त्या वर्षी पाऊस पडला नाही आणि तुम्हाला कंदच मिळाला नाही."

त्या स्वतःच्याच बोलण्याने दचकल्या. इतकी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं, पण एका ओळीत कधी आलं नव्हतं. आपण दुष्काळामुळे जन्माला आलो हे सुनेच्या नवऱ्याला आत्ताच कळत होतं. त्याची मान तेवढ्यापुरती डोलायची थांबली.

सासूबाईंनी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि सासऱ्यांच्या तोंडासमोर धरला.

"घ्या. घरचंच माणूस आहात."

सासऱ्यांनी दात घट्ट आवळले.

"आई, लोकांसमोर तमाशा नको," नवरा पुटपुटला.

"बरं. मग तू घे."

त्याने मांजराकडे पाहिलं.

सासूबाईंनी चमचा कठड्यावरून मातीत उलटा केला. एवढं होऊनही रांगेतलं कोणी उठलं नाही. बस चुकणाऱ्या बाईने फक्त विचारलं, "म्हणजे आज पुड्या मिळणार की नाही?"

सून पायऱ्या उतरली. "पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही!" सासऱ्यांचे दात आता सुटले होते. रस्ता ओलांडताना तिच्या मागे चपला वाजल्या. सासूबाई येत होत्या, वळून न बघता.

आरोग्य केंद्रात नर्सने सुनेचं सगळं लिहून घेतलं, तिला तपासणीच्या खोलीत नेलं आणि डॉक्टरांना हाक मारली. बाळाचे ठोके मिळतायत का ते डॉक्टर बघू लागले. नर्स बाहेर आली. सासूबाई अजून टेबलापाशीच उभ्या होत्या.

"तुमचं काय, मावशी?"

"माझंही लिहा."

नर्सने नवा कागद घेतला. "मुलं किती?"

सासूबाईंनी एकेक करत चार बोटं उघडली.

"चार. एक जिवंत."

"बाकीची कशाने गेली?"

आतून यंत्राची खरखर ऐकू येत होती आणि त्या खरखरीत घोडं दौडावं तसं काही तरी बारीक, भरभर वाजू लागलं. सासूबाईंनी तिकडे कान दिला. नर्स पेन धरून थांबली.

"पद्धत होती आमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "तसंच लिहा."