चार नंबरचा किनारा

दर सोमवारी ओहोटीला वर्ना बाटल्या घेऊन किनाऱ्यावर उतरायची. अलास्काच्या त्या बेटांवरच्या सोळा गावांनी मिळून पाणी तपासायचं ठरवलं, तेव्हा आपल्या गावचे पाच किनारे तिने अंगावर घेतले. पाण्यात विष झालं की ते तिसऱ्यांत, वाळूतल्या शिंपल्यांत उतरतं. दिसायला तशाच, चवीला तशाच, आणि कितीही उकळा, विष जात नाही.

तिच्या ऑर्विलमामाला हे सगळं थोतांड वाटायचं. त्लिंगित जमातीच्या घरात मामाचा शब्द बापापेक्षा वरचढ, म्हणून वर्ना ऐकून घ्यायची. "ओहोटी लागली की आपलं पान वाढलेलं असतं पोरी," तो म्हणायचा, "वाढणारीला कुणी विचारतं का, काय घातलंयस?" गेल्या वर्षी तिसऱ्या खाऊन ओठ बधिर होऊन दोन दिवस पडला होता, तरी खोड जाईना. म्हणून या खेपेला निकाल आला, चार नंबरला विष, बाकी ठीक, तेव्हा तिने तो घराघरातल्या बिनतारी रेडिओवर गावाला वाचून दाखवला आणि तडक मामाच्या दारात जाऊन बसली. कबूल केल्याशिवाय उठणार नाही म्हणाली.

"चारला पाय ठेवणार नाही," मामा शेवटी म्हणाला. "तुझ्या आईची शपथ. आता मला माझा चहा पिऊ दे."

गुरुवारी दुपारी रेडिओवर त्याचाच आवाज आला, बोटांना मुंग्या आल्यात म्हणून. वर्ना धावत पोचली तेव्हा तो खुर्चीत बसला होता, चुलीजवळ रिकाम्या शिंपल्यांचा ढीग. दाट धुकं, विमान उतरणार नव्हतं. नर्सने तोंडावर धरून हाताने श्वास द्यायचा फुगा तयार ठेवला.

"चारला नाही गेलो गं," मामा जड जिभेने म्हणाला. "दोनला गेलो."

वर्नाने बोटांवर किनारे मोजले, दोन्ही बाजूंनी. तपासणीच्या नकाशावरचे आकडे धक्क्यापासून सुरू होत. मामाच्या पिढीची मोजणी दुसऱ्या टोकाच्या नदीमुखापासून, जिथे पूर्वजांच्या होड्या पहिल्यांदा लागल्या तिथून. नकाशावरचा चार तो त्याचा दोन. जन्मात पहिल्यांदा त्याने तिचं ऐकलं होतं.

त्या किनाऱ्याला नावही होतं: सासूची परडी. कितीही काढा, जावयाला कमी पडत नाही. गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं. पण फॉर्मवर चौकट आकड्यापुरती, आणि सोळा गावांच्या बैठकीत असलं नाव सांगितलं तर लोक हसतील, म्हणून वर्नाने ते कधी उच्चारलंच नव्हतं.

मामाचा श्वास थांबला तेव्हा वर्ना आणि नर्स, दोघींनी आळीपाळीने फुगा दाबला. मामाला सगळं कळत होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. संध्याकाळी ते कळणंही थांबलं.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा बाटल्या घेऊन उतरली. शुक्रवारी पाणी तपासणीच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. अगदी अदबीने त्यांनी विचारलं, तुमच्या फॉर्मवर चौकटीबाहेर काहीतरी लिहिलंय, ते कितवा नंबर समजायचं?

"नंबर नाही, नाव आहे," वर्ना म्हणाली. "कागद घ्या. एकेक अक्षर सांगते."