चिमणीची बेल

बेल चिवचिवली तशी काशीबाई तव्यावरची भाकरी टाकून झोळीकडे धावली.

"मुतली गो, मुतली!"

एवढ्या आनंदाने त्या घरातून याआधी एकच बातमी बाहेर गेली होती, पोर झाल्याची. तीही लग्नानंतर अकरा वर्षांनी.

शेजारची मैना कुंपणावरून म्हणाली, "माज्या दाराला बेल नाय, नि तुज्या पोरीच्या ढुंगणाला हाय!"

बेल खरं तर दारासाठीच होती. तिच्या नवऱ्याने, कान्हूने, पेणच्या बाजारातून आणली. पण गडब गावात दार दिवसभर उघडंच, वाजवणार कोण? कान्हू रोह्याला एका कंपनीत टाकीवर होता. टाकी भरली की पाणी दोन तारांना टेकतं आणि भोंगा होतो. पोर आणि टाकी यांत त्याला तत्त्वतः फरक दिसेना. दोन तारा लंगोटाच्या घडीत सरकवल्या, सेल जोडला. ओलं झालं की चिमणी. चार महिन्यांच्या मनस्वीची या संशोधनाबद्दल काही तक्रार नव्हती.

सत्त्याण्णव सालचा मे. पोर पहाटेपासून ओकत होती. कान्हूने शिफ्ट बुडवून तिला सकाळीच पेणला नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, "लघवीवर लक्ष ठेवा. दुपारपर्यंत झाली नाही तर ताबडतोब परत आणा."

"त्याची कालजी नको सायेब," कान्हू म्हणाला, "आमच्याकं मशीन हाय."

दुपारपर्यंत मशीन चार वेळा वाजलं. दर वेळी लंगोट हाताला ओलसर लागला, दर वेळी काशीबाईने बदलला. मैनाला वाटीभर गूळही गेला.

पाचव्यांदा वाजलं तेव्हा मनस्वीने डोळे उघडले नाहीत.

"निजलीय," काशीबाई म्हणाली. मग कान्हूकडे बघून म्हणाली, "निजलीय ना वो?"

पेणला डॉक्टरांनी पोरीला तपासलं, बराच वेळ तपासलं. मग लंगोट नाकाशी नेला.

"ही लघवी नाही. वासच नाही. लंगोट कशात धुता?"

"खाडीच्या पान्यात," काशीबाई म्हणाली. "टँकर आठ दिस आला नाय. गोडं पानी प्यायलाच पुरत नाय."

"कपड्यात मीठ राहिलंय. त्याने वाऱ्यातली ओल धरली."

मीठ वाऱ्याला पाझरतं, हे कान्हूला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्या बापाची हयात मिठागरात गेली होती. पोर नक्की कधीपासून मुतली नव्हती, हे मात्र आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

परतीच्या एसटीत काशीबाईने तिला पदराखाली घेतलं होतं. कंडक्टरने दोनच तिकिटं फाडली. एवढ्या लहान मुलांना लागत नाही.

संध्याकाळी खाडीचा वारा सुटला. झोळीत आता पोरीच्या जागी धुतलेला लंगोट होता, त्याच्या घडीत तारा तशाच राहिल्या होत्या. चिमणी चिवचिवली. काशीबाई उठली, लंगोट काढला, दुसरा घडी करून ठेवला, तारा नीट आत सरकवल्या.

कान्हू सेल काढायला दोनदा उठला. दोनदा बसला.

सेल चांगला निघाला. सतरा दिवस चालला.