गोरखची प्रतिक्रिया

माझ्या नवऱ्याला कुणी काही विचारलेलं फार आवडतं. रस्ता विचारा, हवापाणी विचारा, कुणाच्या सोयरिकीचं विचारा; गोरखकडे उत्तर तयार असतं, आणि नसलं तर बोलता बोलता तयार होतं. लग्नाआधी मला तो गुण वाटला होता. आता मी त्याला गुण म्हणत नाही.

आमची एक डिझेलची जीप आहे. लग्नाच्या वर्षीच घेतली. ती जास्त कुरकुरते की मी, यावर घरात एकमत नाही. रोज सकाळी गोरख आमच्या फाट्यावर वडाप भरतो, म्हणजे मावतील तेवढी माणसं जीपमध्ये घेतो, आणि पिरंगुटला सोडतो. मीही त्याच जीपनं जाते, पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. फाट्यावर डोंगरावरच्या वस्तीतली माणसं पायवाटेनं उतरून येतात. शेळ्यामेंढ्या पाळून आणि मोलमजुरी करून जगणारी घरं ती. एसटीही आहे, पण ती तिच्या मनात आलं तर येते. त्यामुळे वस्तीतल्या कुणालाही खाली काही काम निघालं की गोरखची जीप धरायची, हे ठरलेलंच. त्या महिन्यात तर सावळ्यामामांची मोनाली बारावीचे पेपर देत होती. तिचं केंद्र पिरंगुटला होतं. वस्तीतनं बारावीला बसलेली ती पहिलीच मुलगी.

त्यातच राज्याचं बजेट मांडलं गेलं. मी कामावरून सुटून चौकात आले तर ही गर्दी. बजेटच्या दिवशी पुण्याहून सुधीर नावाचा एक वार्ताहर कॅमेरा घेऊन येतो आणि जनतेच्या प्रतिक्रिया गोळा करतो. त्याला एक व्यापारी, एक गृहिणी आणि एक शेतकरी लागतो. व्यापारी म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले अण्णासाहेब. ते दरवर्षी बजेटचं स्वागत करतात आणि त्याच वाक्यात निराशाही व्यक्त करतात. गृहिणी म्हणून भाजीवाल्या रत्नाबाईंना उभं केलं होतं. त्या माइकमध्येच म्हणाल्या, "गृहिणी कसली? सकाळधरनं हितं गवार विकतीया. घरी गेले की व्हईन गृहिणी."

"आता एक वाहनचालक पाहिजे," सुधीर म्हणाला. आमचे हे जीपला टेकून कधीचे कॉलर नीट करत उभे होते.

"वाहनकर वाढवलाय सरकारनं. तुमची काय प्रतिक्रिया?"

गोरखला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ते कॅमेऱ्याला दिसलं नाही, कारण पुढच्याच क्षणी तो सुरू झाला होता. "अन्याय हाय ह्यो! गरिबानं गाडी चालवायची का न्हाई? आमी कर भरायचा आन् खड्ड्यातनं जायचं, व्हय?"

इथं थांबला असता तरी चाललं असतं. खड्ड्यांचं तरी खरंच होतं. पण सुधीरनं माइक आणखी जवळ नेला. "मग तुम्ही करणार काय?"

"काय करणार? उद्यापासनं गाडी बंद! फाट्यावरनं चाक हलणार न्हाई. ह्यो माझा शब्द हाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुधीर म्हणाला, "एक नंबर, दादा."

परतताना मी विचारलं, "अवो, उद्या खरंच गाडी बंद?"

"येडी हायस का? तसं बोलायचं असतं."

संध्याकाळी बातम्या लागल्या. करवाढ होती, पण ती नवी सीएनजी गाडी घेणाऱ्यांना. मी म्हटलं, "आपली डिझेलची. आणि ती आपण कवाच घेऊन बसलोय. आपल्याला कुटं लागतोय त्यो कर?" तो म्हणाला, "मी तत्त्वाचं बोललो." तोवर सुधीरनं त्याला तो व्हिडिओ पाठवला होता. गोरखनं तो चार वेळा बघितला आणि मग पाहुणे, मित्र, ड्रायव्हर मंडळी, सगळ्यांना पाठवला. वस्तीच्या ग्रुपवरसुद्धा त्यानंच टाकला. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागाच ठेवली नाही.

सकाळी आम्ही फाट्यावर आलो तर उंबराखाली चिटपाखरू नव्हतं. रोज तिथं सहा-सात माणसं तरी बसलेली असतात. गोरखनं हॉर्न वाजवला. डोंगराकडे तोंड करून पुन्हा वाजवला. पायवाटेवर कुणी दिसेना.

"उशीर झाला असंल त्यास्नी," तो म्हणाला.

"मोनालीचा पेपर हाय आज. तिला कसा उशीर व्हईल?"

तेवढ्यात डेअरीला दूध घालणारा सोमनाथ मोटरसायकलवरून किटल्या वाजवत परत आला. जीप बघून त्यानं ब्रेक लावला. "हे काय, गाडी चालू हाय व्हय? आरं, वस्तीवरची समदी कवाच गेली. जी ती आपापल्या वाटंनं. सावळ्यामामा पोरीला घेऊन उजाडायच्या आतच उतरलाय. मला घाटाखाली भेटला, चालत निघालाय पिरंगुटला."

 गोरखचं तोंड एवढंसं झालं. पेपर अकराचा, आणि पायी जायचं म्हणजे पोरगी पोचली असती तरी लिहायच्या अवस्थेत राहिली नसती. त्यानं गाडी अशी काढली की मी दाराला धरून बसले.

घाट उतरून पुष्कळ पुढं गेल्यावर ती माणसं दिसली. पुढं शिकेकाईचं गाठोडं डोक्यावर घेतलेली वस्तीतली लिलाबाई, मागं हातात पुस्तक धरून वाचत चाललेली मोनाली, आणि तिच्यामागं सावळ्यामामा. मामांच्या हातात दोरी होती आणि दोरीला शेळी. चांगली तांबडी, गाभण शेळी.

गोरखनं गाडी त्यांच्यापुढं नेऊन उभी केली. "मामा, बसा लवकर. पेपर हाय न्हवं पोरीचा?"

मामा थांबले. "गाडी तर बंद हाय न्हवं?"

"न्हाई ओ, ते असंच बोललो मी."

"असंच?" मामांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. ते खरोखरच विचारत होते. "असंच कसं बोलत्यात? शब्द हाय म्हणलास. तूच धाडलंस मोबाईलवर. पोरीनं दोनदा लावून ऐकवलं मला."

"आन् ही शेळी?" मी विचारलं.

"पिरंगुटापल्याड भरे गावाला माझी भन हाय, सुंदरा. पेपर संपेस्तवर मोनालीला तिच्याकडं ठिवतुया. तितनं केंद्र जवळ पडतंय. पण तिचंबी हातावरचं पोट हाय, पोरीला दोन येळा खायला घालणार. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

मोनाली शेळीकडे बघत नव्हती. पुस्तकाकडेही बघत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौकात टाळ्या घ्यायला आमच्या नवऱ्यानं एक वाक्य टाकलं होतं, आणि ते वाक्य इथं दोरीला बांधून चाललं होतं.

"मामा, माझं चुकलं. बसा आता, उशीर व्हतुया," गोरख म्हणाला.

"बसू रं. पण आमच्यात चौघांत बोललेलं चौघांतच मागं घ्यावं लागतंय. तवर ते तसंच ऱ्हातंय. आज दयेपोटी तू बसवून न्हेशील, आन् परवाच्या पेपरला? तुझी गाडी चालू का बंद, ते मला कसं कळायचं?"

 सावळ्यामामा एकदा अडले की अडले, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे. मोनाली नुसतं "आबा" म्हणाली.

"घेतो मागं. हितंच घेतो," गोरख म्हणाला.

"चौघं कुटं हायेत? मी, मोनाली, लिलाबाई. तिघंच हाय आमी."

"आन् शीतल?"

"बायकू न्हाई धरायची," लिलाबाई गाठोड्याखालून म्हणाली. "ती तुझ्याच बाजूची."

"धरा वो तिला!" गोरख कळवळून म्हणाला. "ती आजवर कदी माझ्या बाजूनं बोललेली न्हाई."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हे मातुर खरं हाय, मामा." तेव्हा कुठं मी चौथी झाले.

"मग उतर खाली. बसल्या जागंवरनं न्हाई चालायचं."

गोरख उतरला. रस्त्याच्या कडेला, डांबर सोडून, आम्हा चौघांपुढं उभा राहिला. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. माइक नव्हता, कॅमेरा नव्हता, आणि बोलायला सुरुवात कुठून करावी हे माझ्या नवऱ्याला सुचत नव्हतं. मग त्यानं घसा साफ केला. "सरकारनं जो काय अन्याय..."

"सरकार ऱ्हाऊ दे," लिलाबाई म्हणाली. "तुझं सांग."

 तो खाली बघत हळू आवाजात म्हणाला, "गाडी चालू हाय. पेपरच्या दिवशी तर चुकायचीच न्हाई. मी काल बोललो ते चुकीचं बोललो. मला त्या करातलं काय कळत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला. पण ते बोलायला वेळ नव्हता. मामांनी "झालं" म्हणून मान हलवली आणि सगळ्यांत आधी मोनालीला पुढं बसवलं. लिलाबाईचं गाठोडं टपावर गेलं, शेळी मागं माझ्या पायांशी आली, आणि चौकापर्यंत तिनं माझ्या डब्याची पिशवी चघळली.

पहिली घंटा व्हायच्या आत आम्ही केंद्रावर पोचलो. मोनाली मागं न बघता पळत आत गेली. मामा फाटकाबाहेर सावली बघून बसले. मी कामावर उशिरा गेले आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. गोरखनं त्या दिवशी दुसरी फेरी मारलीच नाही. पेपर सुटेपर्यंत तो शेळीला भाजीबाजारातला पाला आणून घालत होता. शेळी भऱ्याला न जाता परत वस्तीवर गेली.

घरी आल्यावर गोरखनं सुधीरला फोन लावला. गाडी चालू आहे एवढंच दाखवा, म्हणाला. सुधीर हसला. "दादा, चालू असलेली गाडी ही बातमी नसते." त्यांच्या चॅनेलवर गोरख पुढंही गाडी बंदच करत राहिला. वस्तीनं मात्र ते मनावर घेतलं नाही. मामांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, चौघांत मागं घेतलंय म्हणून. दुसऱ्या दिवशी उंबराखाली नेहमीची माणसं होती, आणि जीप भरूनच निघाली.

मला वाटलं, मिटलं सगळं.

पुढच्या पेपरला मोनाली फाट्यावर आली तेव्हा सावळ्यामामाही तिच्यासोबत डोंगर उतरून आले होते. याआधी ते कधी आले नव्हते. ती एकटीच यायची. मामांचे गुडघे दुखतात. गोरखनं विचारलं, "मामा, तुमी कशापायी उतरलासा येवढं?"

"शेळ्या चारायला आणल्यात हिकडं," मामा म्हणाले.

गोरखनं आजूबाजूला बघितलं, मीही बघितलं. मोनाली जीपमध्ये बसली, इंजिन सुरू झालं, चाक हललं, तेव्हा मामा वळले आणि काठी टेकत पायवाट चढायला लागले. राहिलेल्या प्रत्येक पेपरला ते असेच आले. शेळ्या एकदाही दिसल्या नाहीत.