फुकटची खुर्ची

मित्रांनो, इतर खुर्च्यांना पाय असतात, मला चाके आहेत. आणि आता वळताना तीही कुरकुरतात. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. ज्यांना चालता येत नाही त्यांना मी इकडून तिकडे नेते. माझी फाटलेली पाठ दोनदा शिवून झाली आहे, आणि हातांवरचा रंग लोकांच्या तळव्यांनी केव्हाच पुसून नेला आहे.

एका लहानशा कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले. माझा पहिला मालक शिंपी होता. त्याचा मोडलेला पाय बरा झाला, तेव्हा देवाचे आभार मानायच्या, म्हणजे उपकारस्तुतीच्या रविवारी त्याने मला ढकलत चर्चमध्ये नेले आणि मंडळीच्या स्वाधीन केले. "देवानं पाय परत दिले. आता ही दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येऊ दे," तो म्हणाला. खरे सांगू? मला ते पटले नाही. घरातली अडगळ घालवायला माणसाने देवाचे नाव पुढे केले, असेच मला वाटले.

नंतर मी बऱ्याच घरांत राहिले. कुणी मला रोज पुसले, कुणी माझ्यावर ओले कपडे वाळत घातले. मग काही वर्षे कुणाला माझी गरज पडली नाही. चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे मी धूळ खात पडले होते. एके दिवशी चर्चचे पाळकसाहेब आणि शेजारच्या बेकरीची मालकीण अशा दोघांनी मला ओढून बाहेर काढले आणि कुलूपवाल्याकडे नेले.

हा कुलूपवाला बेकरीच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पुढे दुकान, मागे एक खोली, घरात तो आणि एक मांजर, बाकी कुणी नाही. शिडीवरून पडून त्याचे मांडीचे हाड मोडले होते. जन्मभर त्याने एकच गोष्ट पाहिली होती: लोक एकमेकांना बाहेर कसे ठेवतात.

"भाडं किती?" त्याने विचारले.

"भाडं कसलं? मंडळीची आहे. बरे झालात की परत द्या," पाळक म्हणाले.

"फुकट?" त्याने डोळे बारीक केले. "आणि बदल्यात काय हवंय?"

ते दोघे गेल्यावर त्याने पलंगावर बसल्या बसल्या माझी बैठक उचकटून आत पाहिले. काही नाही म्हटल्यावर तो आणखीच बिथरला.

बेकरीवाली रोज सकाळी पाव आणि सूप आणून देई. तो आधी चमचाभर सूप मांजरीला पाजायचा, मग तिला काही होते का ते बराच वेळ टक लावून बघायचा. मांजर ठणठणीत राहिली, एवढेच नव्हे, चांगली गुबगुबीत झाली. तरी त्याची खात्री पटेना.

"ही बाई उगीच पाव देत नाही," तो मला म्हणायचा, कारण बोलायला दुसरे कुणी नव्हते. "तिची बेकरी लहान पडतेय. डोळा माझ्या दुकानावर आहे."

आणि मित्रांनो, हळूहळू मलाही तसेच वाटू लागले. एका दुपारी तो झोपला असताना मी दारातून पाहिले. बेकरीवाली एका सुताराला घेऊन आली. दोघांनी आवाज न करता उंबऱ्याला टेप लावली, मग दाराची रुंदी मोजली. "काकांना आत्ता कळू द्यायचं नाही. नाहीतर मोडता घालतील," ती कुजबुजली. मला बोलता येत असते तर मी तेव्हाच ओरडले असते.

पण दुसऱ्यांदा ते मोजायला आले, तेव्हा तो जागा होता. त्याने पडद्याआडून सगळे पाहिले. संध्याकाळी त्याने तिला दारातूनच परत पाठवले.

"तुझा पाव तुझ्याकडेच ठेव. जागा मिळायची नाही."

"कसली जागा?" ती गोंधळून म्हणाली. "काका, माझ्यावर संशय घ्यायचा तेवढा घ्या, पण सूप गरम आहे तोवर प्या."

त्याने दार लावून घेतले. मग माझ्यात बसून त्याने आपल्या हातचे सगळ्यात भारी कुलूप दाराला आतून बसवले. वर लोखंडी अडसरही घातला. पुढे तो जुनी बिस्किटे पाण्यात बुडवून खाऊ लागला. त्याला अशक्तपणा आला, अंगात ताप भरला. एका दुपारी फळीवरचा डबा काढताना त्याचा तोल गेला. मी आडवी झाले आणि तो फरशीवर पडला. त्याला उठता येईना. चावी खिशात होती, पण दार फार लांब होते.

पलीकडून बेकरीवालीने धडपड ऐकली. तिने हाका मारल्या, दार ठोठावले. तिची माणसे बाहेरून दाराला धक्के देऊन दमली. कुलूप खरोखरच उत्तम होते.

"भिंत फोडा," ती म्हणाली.

"बाई, भिंतीला पिठाची सगळी मांडणी आहे. माल वाया जाईल."

"जाऊ दे. फोडा."

विटा कोसळल्या. पिठाच्या ढगातून ती भोकातून आत आली, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. कुलूपवाल्याने फरशीवरूनच बोट रोखले. "बघा! सांगत होतो ना, भिंत फोडून आलीच शेवटी!"

"आधी उठा," ती त्याच्या काखेत हात घालत म्हणाली. "मग पोलीस बोलवा."

डॉक्टर येऊन गेले. ताप उतरला. चार दिवसांनी सुताराने फळ्यांचा एक उतार आणून उंबऱ्याला लावला, माझी दोन्ही चाके बसतील एवढा बरोबर रुंद. कुलूपवाल्याने आधी त्या उताराकडे पाहिले, मग शेजारी उभ्या बेकरीवालीकडे.

"म्हणजे टेप यासाठी लावत होतीस?"

"मग काय तुमच्या दुकानासाठी? सारखं आत कोंडून राहून जीव घुसमटतो माणसाचा."

"पण तुला यातून मिळतं काय?" या वेळी त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. त्याला खरेच कळत नव्हते.

ती कपाळावरचे पीठ पुसत म्हणाली, "नवरा गेला तेव्हा माझी भट्टी थंड पडली होती. कोण कोण लाकडं टाकून गेलं, मला आजही माहीत नाही. परत कुणाला करू? देवाचं म्हणाल, तर त्याच्या घरी पाव पाठवता येत नाही. मग शेजारी कोण आहे ते बघायचं."

त्याने फक्त वाटी पुढे केली. मांजर आशेने जवळ आली, पण त्या दिवशी तिच्या वाट्याला काही आले नाही.

लगेच सगळे बदलले असे समजू नका. तो पुढेही पावाच्या आत बघूनच घास घ्यायचा. पण गवंडी भिंत बुजवायला आला, तेव्हा त्याने त्याला थांबवले आणि त्या जागी स्वतः एक लहान दार बसवले. बेकरीच्या माणसांना वाटले, आता याला जगातले सर्वांत मोठे कुलूप लागणार. त्याने फक्त एक साधी कडी लावली, तीही तिच्या बाजूने.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल तर तिला गंजू देऊ नका. चाकांना तेल घाला, फाटले असेल ते शिवा, आणि ती चालती असतानाच गरजवंताला द्या. आणि कुणी तुम्हाला प्रेमाने काही दिले, तर जमेल तेव्हा देवाचे आभार मानून घ्या. लगेच नाही जमले तरी चालेल.

कुलूपवाला पुन्हा चालू लागला, आणि आज मला एका नव्या घरी आणले आहे. इथल्या शिक्षिकेचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत. तिने मला खालून वरून न्याहाळले, पाळकांकडे पाहिले आणि आता ओठ घट्ट मिटून माझी बैठक चाचपते आहे.

चाचपू दे. मला घाई नाही.